सोळाही चॅनल उघडे

मेहरूण, जळगाव
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

प्रिय दिपू,

अक्षर ओळखलंस ना? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच टाकलं नाही. नाव बघून तू ते न उघडताच ठेवून देशील अशी धास्ती होती. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. बातमी मोठी आहे. नऊ दिवसांत ती अख्ख्या मेहरूणला सांगून झाली, शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झाली, पेपरातही चार ओळी आल्या, आणि जिला सगळ्यात आधी सांगायची तीच राहिली. तर ऐक. तुझ्या कोकीने एका माणसाचा जीव वाचवला. जुन्या, दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वॉकीटॉकीने. हसू नकोस, खरंच.

सुरुवातीपासून सांगते. मी इथे शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, भिंगं मोजून कपाटात ठेवायची, यातच एकवीस वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिथे जळगावच्या हॅम रेडिओ क्लबवाल्यांनी टेबल मांडलं होतं. हे लोक सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतात आणि हौस म्हणून हवेतून गप्पा मारतात. पुरात-वादळात मोबाइल बंद पडले की उपयोगीही पडतात. मगन सर म्हणून भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, ते त्यांचे प्रमुख. त्यांनी बांबूला तार बांधली आणि इंदूरच्या एका माणसाशी बोलायला सुरुवात केली. मी मागे पाण्याची बादली धरून उभी होते. त्या खरखरीतून एका माणसाचा आवाज हळूहळू स्वच्छ होत वर आला, आणि माझ्या अंगावर काटा आला. आयटीआयच्या वर्गात तू जोडलेला रेडिओ पहिल्यांदा बोलला होता, तेव्हा आला होता तसाच. आठवतं? वर्गात अठ्ठावीस मुलगे आणि आपण दोघी. त्यांचे रेडिओ नुसत्या शिट्ट्या मारत होते आणि तुझ्यावर कापसाचे भाव लागले होते.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी यांना सांगितलं की मी परीक्षा देणार. सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा ओहमचा नियम घेऊन बसले. संध्याकाळी मेहरूण तलावाभोवती फेऱ्या मारताना बायका सुनांबद्दल बोलायच्या आणि मी मनात रेडिओच्या लहरींची लांबी मोजत असायची. पास झाले. परवाना यायला सात महिने लागले. आला तेव्हा पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच धरून मी माझं कॉल साईन, म्हणजे हवेतलं माझं नाव, तीनदा मोठ्याने म्हटलं. हे आतून म्हणाले की तव्यावरची जळतेय ते तरी बघ. जळू दे म्हटलं.

आता सेटबद्दल सांगते, कारण हे फक्त तुलाच कळेल. बाकीच्यांना सांगताना मी हा भाग गाळते. क्लबात बहुतेकांकडे नवे कोरे सेट. माझा मात्र एका साखर कारखान्यातून निघालेला, हातात धरला की विटेसारखा जड. मागे पांढऱ्या रंगाने ‘काटा’ असं लिहिलेलं. वजनकाट्यावरच्या माणसाचा असणार. पट्ट्याला अडकवायची क्लिप तुटलेली, चार्जरची एक पट्टी गंजलेली. ती मी लिंबाने साफ केली. खरी गंमत पुढे. या सेटमध्ये बटणं दाबून चॅनल भरता येत नाहीत. संगणकाला केबल लावूनच सगळं भरावं लागतं आणि त्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की आताच्या संगणकावर उघडेचना. शेवटी शाळेच्या अडगळीतून एक जुनाट संगणक शोधला, तो पुसला, चालू केला, आणि आधी सेटच्या आत काय आहे ते वाचून घेतलं. पडद्यावर एकेक नाव आलं: गेट, काटा, बॉयलर, ऊसगाडी. क्षणभर वाटलं की न विचारता कुणाच्या घरात शिरलेय. ते चॅनल त्यांचे, त्यांच्यावर आपला हक्क नाही. म्हणून ते सगळे पुसले आणि क्लबाचे सोळा भरले.

पण सोळा भरले तरी सेट एका वेळी एकच ऐकतो. सगळे ऐकायचे तर त्याला स्कॅनची यादी करून द्यावी लागते. मग तो एकामागून एक चॅनल चाचपत फिरतो, कुणी बोलत असेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुन्हा फिरायला लागतो. त्यातला एक मुख्य म्हणून ठरवून दिला, की बाकी कुठेही थांबलेला असला तरी सेट मधूनमधून मुख्य चॅनलवर डोकावून येतो. मी यादी भरली, मोठ्या ऐटीत स्कॅन सुरू केला, आणि गडी सातव्या चॅनलवर जाऊन अडकला. कुणी बोलत नाही, नुसती खरखर, आणि हा तिथेच उभा. पुसलं, पुन्हा भरलं. पुन्हा सातवरच. तीन दुपारी यात गेल्या. चौथ्या दिवशी कंटाळून सेट घेऊन मैदानात आले तर शहाण्यासारखा सोळाही फिरला. आत गेले की सातवर अडके. तेव्हा लक्षात आलं की दोष सेटचा नाही, प्रयोगशाळेत नवे लावलेले दिवे आहेत ते सातवर खरखर टाकतात.

यावर सगळे करतात तो उपाय सोपा होता. टोन भरायचा. टोन म्हणजे बोलण्याबरोबर जाणारी एक बारीक गुणगुण. ऐकणाऱ्याच्या सेटला ती सापडली तरच तो आवाज बाहेर सोडतो, एरवी गप्प राहतो. क्लबात सगळ्यांनी बोलायलाही टोन लावला होता आणि ऐकायलाही. माझं बोट कळीवर होतं. आणि दिपू, मला तू ऐकू आलीस. त्या ट्रान्सपोर्टवाल्याचे वायरलेस सेट आपल्या धुळ्याच्या दुकानात दुरुस्तीला आले होते, मी दोन्हीकडे टोन लावून मोकळी झाले होते आणि तू माझ्या हातातला सेट काढून घेतला होतास.

“कानले कुलूप नको लावू व कोकी, तोंडले लाव.”

अडचणीतल्या ड्रायव्हरच्या सेटचा टोन चुकलेला असेल तर त्याने ओरडायचं कुणाकडे, असं तू विचारलं होतंस. तर या वेळी मी बोलायला टोन लावला आणि ऐकायच्या बाजूने सोळाही चॅनल उघडे ठेवले. खरखर दाबायची पातळी एक घर वाढवली, मग सातवरची कटकटही संपली. आणखी दोन गोष्टी केल्या. बोलणं संपल्यावर सेटने त्या चॅनलवर पाच सेकंद थांबायचं, आणि त्या पाच सेकंदांत मी बटण दाबलं तर माझा आवाज त्याच चॅनलवर जायचा, अशी सोय केली. केबल काढली तेव्हा शाळा सुटली होती, आणि मी रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या टाळ्या उतरल्या. बारा जानेवारीला पालच्या जंगलात धावण्याची शर्यत होती. तू पाल पाहिलं नसशील. रावेरच्या वर, सातपुड्यात आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून निरोपांचं काम आमच्या क्लबाकडे. तलावाच्या काठी तालीम होती. मगन सरांनी माझा सेट फिरताना पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ताई, कामाच्या वेळी स्कॅन बंद ठेवायचा, एक चॅनल, एक शिस्त. त्यांचंही खोटं नव्हतं. सेट दुसरीकडे फिरत असला तर मुख्य चॅनलवरचा पहिला शब्द निसटू शकतो. मी बरं सर म्हटलं. आणि स्कॅन बंद केला नाही. हे तुला आवडेल, माहीत आहे मला.

शर्यतीच्या दिवशी मी तिसऱ्या ठाण्यावर होते, टेकडीच्या माथ्यावर. समोर टेबल, पाण्याचे पिंप, गुळाच्या खड्यांचा डबा. माझ्यापुढे चौथं ठाणं, त्याच्या पलीकडे नाल्यापाशी पाचवं, तिथे वनाभाऊ. हे फैजपूरचे, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, क्लबात आमच्या सगळ्यांत मोठ्या आवाजाचे. तीनशे माणसं माझ्यासमोरून गेली. अगदी शेवटी गिरधर नाना आले. सावद्याकडचे केळीवाले शेतकरी, वय चौसष्ट, पांढरा पायजमा आणि कॅन्व्हासचे बूट. दोन खडे गूळ खाल्ला, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि मला म्हणाले की आपल्याला कुणाच्या पुढे जायचं नाही, जेवायच्या वेळेला परत पोचायचं आहे. ते वळणाआड दिसेनासे झाले तशी मी वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली. नऊ पन्नास.

साडेदहानंतर मगन सर मुख्य चॅनलवर पाच नंबरच्या ठाण्याला हाक मारू लागले. नाना तिथून पुढे गेले का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर नाही. सर म्हणाले की नाल्यातून आवाज नेहमीच तुटतो, थोड्या वेळाने पुन्हा बघू. सगळे निवांत. माझा सेट आपला फिरत होता, आणि दहा चाळीसला तो दोनवर थांबला. दोन नंबर हा आमचा राखीव चॅनल, त्या दिवशी तिथे कुणी असायचं कारणच नव्हतं. आवाज इतका बारीक, की मी सेट कानाला चिकटवला.

“कोनी आयकता का? पाच नंबरावर मानूस पडेल आहे. रगत थांबत नाही.”

दिपू, ते पाच सेकंद मी जन्मात विसरणार नाही. बटण दाबलं आणि म्हटलं, “वनाभाऊ, कोकिळा बोलते. ऐकतेय मी. तुम्ही हात काढू नका.” मग इतका मोठा माणूस लहान आवाजात म्हणाला, “आयकलं बापा कोनीतरी.”

झालं होतं असं. नाना नाल्यातल्या दगडावरून घसरले आणि खालच्या तुटक्या तारेच्या कुंपणावर पडले. मांडी लांबलचक फाटली. ते शेवटचे, मागून कुणी येणार नव्हतं. वनाभाऊंनी उपरणं दाबून धरलं होतं. एक हात जखमेवर, दुसऱ्यात सेट, चष्मा कुठेतरी पडलेला, आणि वीस मिनिटं ते जीव तोडून हाका मारत होते. खिशातून सेट ओढताना त्याची चॅनल बदलायची खुंटी एक घर सरकली होती. आपण मुख्य चॅनलवर नाही हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. त्यांना वाटलं की सगळे ऐकत आहेत आणि कुणी उत्तर देत नाही.

मी त्यांना चॅनल बदला असं सांगितलं नाही. रक्ताने माखलेल्या हाताने खुंटी फिरवताना ते तिसरीकडेच गेले असते तर पुन्हा हरवले असते. मीच ये-जा करायचं ठरवलं. एकवर, म्हणजे मुख्य चॅनलवर, जाऊन मगन सरांना सांगितलं: पाच नंबर, मांडीला मोठी जखम, रक्त थांबत नाही, गाडी आणि डॉक्टर आत्ता. पुन्हा दोनवर. शर्यतीच्या डॉक्टरीणबाई तळावर मगन सरांच्या सेटवरून सूचना देत होत्या, त्या मी वनाभाऊंकडे पोचवत होते. अंगाचा सगळा भार देऊन दाबा. कापड भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. जखम उघडून बघू नका. नानांना बोलतं ठेवा. नाना काय बोलतात ते मला परत डॉक्टरांना सांगायचं होतं. एकदा वनाभाऊ म्हणाले की नाना काहीच बोलेनात. मी सांगितलं की नानांच्या केळीची किती खोडं आहेत ते विचारा. थोड्या वेळाने उत्तर आलं, साडेचार हजार. वनाभाऊंना शेतीतलं कळतं आणि नानांशी ओळखही जुनी, त्यांनी लगेच टोकलं की मागच्या वेळी तर चारच हजार म्हणाला होतात. त्यावरून नाना त्यांच्याशी भांडायला लागले, आणि मी टेकडीवर उभी राहून हसत होते आणि रडत होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी गाडीचा हॉर्न मला दोन्हीकडून ऐकू आला, खालच्या रस्त्यावरून आणि हातातल्या सेटमधून.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर त्या गाडीचा काही उपयोग नव्हता. नानांना जळगावला आणलं, रक्त दिलं, सत्तावीस टाके पडले. शनिवारी मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले तर ते उशाला टेकून बसले होते आणि छातीवर लावलेला शर्यतीचा नंबर मुलाकडे मागत होते. पुढच्या वर्षी तोच नंबर हवा म्हणे. शर्यत अर्धी राहिली आहे.

परवा रविवारी क्लबाची सभा झाली. मगन सरांनी वनाभाऊंचा सेट केबल लावून तपासला होता. त्यात दोन नंबरच्या चॅनलला टोन भरायचाच राहून गेला होता. म्हणजे बाकी सगळ्यांनी त्या दिवशी स्कॅन चालू ठेवला असता, तरी त्यांच्यातल्या एकालाही वनाभाऊ ऐकू आले नसते. ऐकू शकणारा सेट त्या अख्ख्या डोंगरात एकच होता. सर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मी ताईंना स्कॅन बंद करायला सांगितलं होतं. चूक माझी होती.” इतक्या मोठ्या माणसाने असं सरळ म्हणावं, याचं मला टाळ्यांपेक्षा जास्त वाटलं. टाळ्याही भरपूर झाल्या, ते लपवत नाही. आता नियम झाला आहे की प्रत्येक कामात एक जण सगळे चॅनल उघडे ठेवून बसेल, आणि क्लबाचे सगळे सेट मी भरून देईन. मग सरांनी विचारलं की ऐकायच्या बाजूला टोन लावू नये हे तुम्हाला सुचलं कसं. मी म्हटलं, मला नाही सुचलं, धुळ्याच्या दिपमालाचं आहे ते. माझी जोडीदार. सरांनी सहज विचारलं की त्या सध्या काय करतात. आणि भरल्या सभेत मला म्हणावं लागलं की माहीत नाही.

जून २००३ मध्ये या नोकरीचं पत्र आलं, ते मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. देवपूरच्या त्या दुकानात, दोघींची नावं असलेल्या पाटीखाली, रोज तुझ्या शेजारी बसून काम केलं, तुझ्या डब्यातलं खाल्लं आणि बोलले नाही. नवव्या दिवशी किल्ली शेजारच्या झुलालभाऊंच्या हातात दिली आणि जळगावच्या गाडीत बसले. तुला विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. ते मला तेव्हाही माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही, आणि नंतर जितकी वर्षं गेली तितकं ते जड होत गेलं. परवा सभेतून घरी आले आणि झुलालभाऊंचा नंबर शोधून काढला. त्यांनी सांगितलं की तू एकटीने सतरा वर्षं दुकान चालवलंस, करोनात ते बंद केलंस, आणि आता घरी साड्यांना फॉल-पिको करतेस. हत्यारांची पेटी मात्र विकली नाहीस म्हणाले. पत्ता त्यांनीच दिला. त्यांच्यावर रागावू नकोस.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. उन्हाळ्यापासून क्लब बायकांसाठी दोन वर्ग काढतोय: परीक्षेची तयारी, आणि जुने सेट दुरुस्त करून प्रोग्रॅम करायचं काम. एक जळगावला, एक धुळ्याला. जळगावचा मी घेणार. धुळ्याच्या वर्गासाठी सरांनी तुझं नाव कागदावर लिहायला घेतलं आणि मी त्यांचं पेन धरलं. म्हटलं, सर, थांबा, आधी मला तिला विचारू द्या, एकदा न विचारता करून बसलेय. येत्या रविवारी शाळेचं झेंडावंदन उरकलं की मी पारोळ्यावरून जाणाऱ्या गाडीने निघते, दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण, मला ते ऐकायचं आहे. भांडायचं असेल तर पोटभर भांड, मी मुक्कामाच्या तयारीने येतेय. पण मला वाटतं तू हो म्हणशील. म्हणून विचारते दिपू, बावीस वर्षं उशिरा, पण नीट विचारते: पुन्हा एका पाटीखाली बसायचं का?

या वेळी सांगून येणारी,
तुझीच
कोकी